कोयता जाळावर धरून

मसाका, ६ ऑगस्ट

नामुबिरू,

तू माझा नंबर ब्लॉक करून टाकलास. मी फोन लावत राहतो आणि यंत्रातली ती बाई मला सांगत राहते की ही व्यक्ती उपलब्ध नाही. आता त्या बाईशीही माझं भांडण झालंय. शेवटी सेंगाकडे गेलो. तुझ्या त्या आत्याने मला अंगणात उभं ठेवलं, स्वतः शेंगदाणे निवडत बसली आणि वर न बघता म्हणाली, "पोरगी म्हणते, फोनवर तू ओरडतोस. कागदावर लिही. कागदावर ओरडता येत नाही."

"येतं," मी म्हणालो. "मोठ्या अक्षरात लिहिलं की येतं."

"मग बारीक लिही."

म्हणून हे बारीक लिहितोय. काटोच्या टॅक्सीतून कंपालाला पाठवतोय, त्याने वाचलं तर त्याच्या डोळ्यांचं वाटोळं होवो.

माझी बाजू तू ऐकलीच नाहीस. ईस्टरला मी तुमच्या टेकडीवर पहिल्यांदा आलो तेव्हा तू आत स्वयंपाकघरात होतीस, त्यामुळे बाहेर काय झालं ते तुला तुझ्या वडिलांनी, मुझेयींनीच सांगितलेलं असणार. मतोकेची केळी वाफवायला पानं हवी होती आणि तुमच्याकडचे सगळे पुरुष गप्पा मारत बसले होते. मी पिशवीतून माझा कोयता काढला. पाहुण्याने स्वतःचा कोयता घेऊन येणं म्हणजे मिरवणं, हे मला कळतं. पण मी मिरवायलाच आलो होतो ना! या टोकापासून त्या टोकापर्यंत तुझ्या वडिलांची बाग फिरलो आणि अशी पानं उतरवली की एकालाही चीर नाही. मुझेयी स्वतः म्हणाले, "हात चांगला आहे पोराचा." ते वाक्य मी परत जाताना बोडाच्या मोटरसायकलवर मागे बसून इतक्या वेळा म्हटलं की बोडावाला म्हणाला, भाऊ, कळलं.

आणि आता तेच मुझेयी चर्चच्या दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "होणारा जावई कोयता घेऊन आला आणि कीवोटोका रोग ठेवून गेला." त्यांच्या केळी पिवळ्या पडल्या, घड आतून कुजले, ते मला दिसतं. मलाही वाईट वाटतं. पण रोग माझ्याच कोयत्यावरून आला कशावरून? हे विचारायला मी गेलो, आणि हो, आवाज चढला. तुम्ही केळफुलं मोडत नाही, किडे त्यांच्यावर बसतात आणि रोग पसरवतात, एवढं मी शिकलेल्या माणसासारखं सांगितलं. शेवटचं वाक्य तेवढं बोलायला नको होतं. तुमची केळ्यांची दारू पातळ असते, असं मी म्हणालो. रोगाचं त्यांनी एकवेळ सोडलं असतं.

त्यावर त्यांनी चार वडीलधाऱ्यांसमोर सांगितलं की डिसेंबरचा क्वांजुलाचा सोहळा होणार नाही. रोग कोणाचा ते कळेपर्यंत मागणी नाही, ओळख नाही, माझा पाय त्यांच्या अंगणात नाही. आणि तू काय म्हणालीस? "आमच्या आणि तुझ्या आईच्या, दोन्ही बागांतला जिवाणू मी प्रयोगशाळेत वाचून काढीन. जे निघेल ते निघेल."

जे निघेल ते निघेल म्हणजे काय? माझं निघालं तर तू काय करशील? एवढं विचारायलाच मी फोन करत होतो. आता बारीक अक्षरात विचारतो.

तुझा,
मुगालुला

ता.क. आईच्या बागेत आणखी काही केळींनी माना टाकल्यात. हे मुझेयींना कळलं. म्हणतात, "बघा, रोग त्यांच्याकडे लपून बसला होता."

•

२४ ऑगस्ट

नामुबिरू,

माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही, पण बाटल्यांचा खोका आला, सोबत सूचनांचा कागद. ठीक आहे. बाटल्या तर बाटल्या.

आईच्या बागेतले नमुने मी घेतले. तू सांगितलंस तसंच. बुंधा कापायचा, पिवळा चिकट द्राव बाहेर यायची वाट बघायची, तो बाटलीत घ्यायचा, आणि पुढच्या केळीकडे जाण्याआधी कोयता जाळावर धरायचा. आई शेगडी घेऊन माझ्या मागे मागे फिरत होती आणि म्हणत होती, "तिकडे कॉलेजात हेच शिकवत होते का? मग सोडलंस कशाला?" मी म्हणालो, रोजच्या मक्याच्या उकडीला आणि राजम्याला कंटाळून सोडलं. ती म्हणाली, राजमा तर तू घरीही खातोस.

तुमच्या बागेत मला प्रवेश नाही. तिथले नमुने सेंगाने घेतले. ते दृश्य तू बघायला हवं होतंस. आत्याबाई रविवारची गोमेसी नेसून, कमरेचा पट्टा आवळून, एका हातात कोयता आणि दुसऱ्या हातात माझा मोबाइल, कारण मी फाट्यावर उभा राहून काटोच्या फोनवरून तिला सांगत होतो.

"सेंगा, आता कोयता भाजा."

"भाजला."

"पुन्हा भाजा."

"अरे, कोयता आहे की मका?"

तेवढ्यात मागून मुझेयींचा आवाज आला. "त्या पोराच्या हातात बाटल्या जाणार आहेत का?"

"मग कोण नेणार? मी नेऊ कंपालाला? माझ्या गुडघ्यांनी?"

"तो वाटेत बदलेल."

माझं रक्त असं उसळलं म्हणून सांगू! पण मी फाट्यावर होतो आणि फोन काटोचा होता. मुझेयींनी काय केलं माहीत आहे? खोका केळीच्या सोपाच्या दोरीने बांधला आणि वर त्यांची ती गाठ मारली, दारूच्या घागरीच्या तोंडाला मारतात तीच. ती त्यांच्याशिवाय कोणाला सुटत नाही. तुला येते ना सोडवायला? नाही आली तर काप, पण आधी फोटो काढ आणि त्यांना पाठव. गाठ जशीच्या तशी पोचली हे त्यांना दिसू दे.

खोका मांडीवर घेऊन मी स्वतः बसलो टॅक्सीत. तुझ्या दारापर्यंत आलो. पहारेकरी म्हणाला, मॅडम कामात आहेत, खोका ठेवून जा. काचेतून तू दिसलीस, डोक्यावर ती निळी टोपी, मान खाली. मी काच वाजवली नाही; पहारेकऱ्याच्या बाकावर बसून हे लिहिलं आणि खोक्यासोबत ठेवतोय. मी शांत राहू शकतो, हे कुठेतरी नोंदवून ठेव.

मुगालुला

•

१९ सप्टेंबर

माझी नामुबिरू,

आलं! तुझं पत्र आलं आणि पत्रभर जिवाणू. प्रेमाचा एक शब्द नाही, तरी मी ते इतकं वाचलं की घड्या फाटल्या.

मला कळलं ते मी तुला परत सांगतो, चुकलो तर खोड. त्या जिवाणूच्या पोटात जवळजवळ पन्नास लाख अक्षरांची पोथी असते, आणि अक्षरं चारच, उलटसुलट करून लिहिलेली. तो वाढतो म्हणजे स्वतःची नक्कल करतो. करताना कधीतरी एखादं अक्षर चुकतो. ती चूक मग त्याच्या पोरांत, नातवंडांत तशीच उतरते. म्हणून तू अख्खी पोथी वाचतेस आणि चुका जुळवतेस. ज्यांच्या चुका सारख्या, ते एका घरचे. आणि ज्या बागेत चुकांच्या जास्त फांद्या फुटल्यात, तिथे तो घराणं थाटून जास्त काळ राहतोय. म्हणूनच तू एकेका बागेतून एकच नाही, बऱ्याच केळींचे नमुने मागितलेस.

अगं, हे तर आपलं कूळ सांगणं! क्वांजुलाला माझा बोलणारा उभा राहून हेच सांगणार ना: हा मुगालुला, कालिबालाचा मुलगा, मुग्वान्याचा नातू, देवक टोळ. आणि तुमचा बोलणारा कान देऊन ऐकणार, कुठे तुमच्या मांबा माशाच्या देवकाशी नातं लागत नाही ना. एका देवकात लग्न नाही. तू तिथे बसून जिवाणूंचं देवक विचारतेयस. पन्नास लाख अक्षरं वाचून! आणि यंत्र म्हणे हाताच्या पंजात मावतं. मला वाटलं होतं खोलीभर असेल, आणि तू त्याच्या आत कुठेतरी हरवली असशील.

इकडची बातमी. मी बेचक्याची लांब काठी केली आहे. घड धरून झाला की तिने केळफूल पिळून मोडायचं, कोयता लावायचाच नाही, म्हणजे किड्यांना बसायला जागा नाही आणि रोगाला वाट नाही. आधी आईच्या बागेत केलं, मग शेजारच्या म्हातारीने बोलावलं, मग तिच्या भावाने. आता सगळ्या टेकडीवर माझं नाव पडलंय फुलमोड्या. पोरी हसतात. हसू देत. संध्याकाळी येतो तेव्हा हाताला कोणीतरी दिलेला अननस नाहीतर अंडी असतात आणि आई म्हणते, "कॉलेजने एवढं तरी केलं."

कॉलेजचं खरं सांगू? राजमा पहिल्या वर्षीही तसाच होता. तू माझ्या दोन वर्षं पुढे होतीस, पदवी घेऊन गेलीस, आणि ग्रंथालयातली खिडकीजवळची ती खुर्ची रिकामी झाली. तेव्हापासून तो जास्त वाईट लागायला लागला. बस. पुढचं लिहीत नाही.

निकाल माझ्या बाजूने लागला तर काय करायचं ते मी ठरवून ठेवलंय. बाजारातल्या खांबावरचा भोंगा आहे ना, मृत्यूच्या बातम्या आणि हरवलेल्या शेळ्या सांगतात तो, तिथल्या माणसाशी बोलणं झालंय. तो मला माइक देणार आहे. चर्चच्या दारात जेवढ्यांनी ऐकलं त्याच्या दुप्पट लोकांनी ऐकायला हवं.

तुझाच,
फुलमोड्या

•

१८ ऑक्टोबर

नामुबिरू,

काल तू सेंगाच्या फोनवर होतीस तेव्हा तुला आवाज ऐकू आले, चेहरे दिसले नाहीत. ते सांगायला हे पत्र.

सेंगाने दोन्ही घरं आपल्या ओसरीवर बोलावली, कारण तिचं अंगण म्हणजे मुझेयींचं अंगण नव्हे. मुझेयी खुर्चीवर, टोपी मांडीवर. आई चटईवर, पाय एका बाजूला दुमडून, पण मान ताठ. मी खांबाला टेकून. फोन सेंगाने रिकाम्या पातेल्यात उभा केला, म्हणजे तुझा आवाज घुमेल. आणि नियम घातला, "जो मध्ये बोलेल त्याने शेंगा फोडायच्या." समोर टोपली ठेवली.

तू नमस्कार म्हणण्याआधीच मी "अगं, लवकर सांग" म्हणालो आणि टोपली माझ्याकडे सरकली.

"ताता," तू वडिलांना म्हणालीस, "दोन्ही बागांतला जिवाणू एकाच घरचा आहे."

"बघा!" मुझेयी खुर्चीतून अर्धे उठले. "मी काय सांगत होतो! ह्याचाच—"

सेंगाने काही न बोलता दुसरी टोपली त्यांच्या मांडीवर ठेवली. टोपी खाली पडली. इतकी वर्षं गावाचे तंटे सोडवलेला माणूस शेंगा फोडायला लागला, नामुबिरू, आणि हसायचं नाही म्हणून आई पदर तोंडात कोंबून बसली होती.

मग तू सांगितलंस की तुमच्या बागेत त्या घराच्या बऱ्याच फांद्या आहेत आणि आईच्या बागेत त्यातल्या एकाच फांदीची एक डहाळी. "डहाळी फांदीतून निघते, ताता. नमुन्यांवरून तरी असंच दिसतं. रोग आपल्याकडे आधीपासून होता. आपल्याकडून त्यांच्याकडे गेला."

इथे तुला वाटलं असेल फोन तुटला. "हॅलो? हॅलो?" करत होतीस. तुटला नव्हता. मुझेयी आपल्या हातांकडे बघत होते. एक शेंग अर्धी फुटलेली तशीच बोटांत.

"आणि गेला तो," तू पुढे म्हणालीस, "बहुतेक मुगालुलाच्याच कोयत्यावरून. आमच्याकडे पानं कापली आणि घरी जाऊन तोच कोयता तसाच चालवला असेल."

तो जो फटका ऐकू आला ना, तो आईचा होता. चप्पल.

"मिरवायला गेला होतास! लोकांच्या बागेतून रोग उचलून माझ्या बागेत आणलास, आणि घरी येऊन मला काय सांगितलंस? हात चांगला आहे पोराचा!"

"आई, अगं, मी जिंकलोय!"

"गप बस जिंकलेला! शेंगा फोड!"

खरंच जिंकलो होतो. भोंगेवाला बाजारात वाट बघत होता. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं, दारूच्या पातळपणासकट. पण मुझेयी खाली वाकून टोपी शोधत होते आणि ती त्यांच्या खुर्चीच्या पायाशीच असून त्यांना सापडत नव्हती. मी ती उचलून झटकली आणि दिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टोपी घातली आणि गेले.

मी त्यांची टोपली पुढे ओढली आणि त्यांच्या वाटच्या शेंगा फोडत बसलो. ती माझी शिक्षा नव्हती, तरी. सेंगाने मला पहिल्यांदाच चहा दिला.

बाजारात गेलो नाही. भोंगेवाला रागावलाय.

पण डिसेंबरचं काय? रोग कोणाचा ते कळलं, आणि मुझेयी मात्र घरात बसलेत. क्वांजुलाचं कोणी नाव काढत नाही. जिंकून हरलो की काय मी?

मुगालुला

•

१६ नोव्हेंबर

माझे राणी,

सोबत पुडकं आहे, टोळांचं. मसाका सगळं हिरवंपिवळं झालंय, दिव्यांखाली लोक पत्रे लावून टोळ धरतायत आणि गल्लीगल्लीत तळल्याचा वास. तुला माहीत आहे, आमचं देवक आहे, मी शिवत नाही. सेंगाने तुझ्यासाठी तळले आणि पंख-पाय काढून बांधले, तेव्हा मी पाठ करून उभा होतो. माझ्या पूर्वजांची क्षमा मागून पाठवतोय. यापेक्षा मोठं प्रेम या जिल्ह्यात कोणी केलं असेल तर दाखव.

आता बस, कारण मोठी बातमी आहे. मुझेयी आले होते.

सकाळी आई भांडी घासत होती आणि फाटकाशी खाकरणं ऐकू आलं. बघतो तर मुझेयी, खांद्यावर टोपलं, हातात कोयता, पण फाटकाच्या आत येईनात.

"शेगडी पेटलेली आहे का?" त्यांनी विचारलं.

"चहाची आहे," आई म्हणाली.

"इकडे आणा."

मी नेली. फाटकाबाहेर उभं राहून त्यांनी आपला कोयता जाळावर धरला. एक बाजू, दुसरी बाजू. मग आत आले. आईने चटई घातली तर म्हणाले, बसायला नाही आलो. टोपल्यात घेवड्याचं बियाणं होतं, लालचुटुक, निवडलेलं.

"जिथल्या केळी उपटल्या तिथे हे टाका. काही महिने तिथे केळ नको, असं पोरगी म्हणते. जमीन रिकामी ठेवू नका."

"तुम्ही कशाला त्रास घेतलात?" आई म्हणाली.

"आमच्याकडून जे आलं त्याच्या मागोमाग काहीतरी बरंही यायला नको का?"

झालं. एवढंच. माझ्याकडे बघितलंही नाही. मी कोपऱ्यात आपला उभा, ओठ दाताखाली धरून. जाता जाता फाटकाशी थांबले, पाठमोरेच म्हणाले, "ती तुझी बेचक्याची काठी. माझ्या दारूच्या केळी उंच आहेत. माझा हात पोचत नाही."

"केळफूल मोडलं तर रसाची चव जाते म्हणायचात ना?" निघालंच तोंडातून.

वळले. मला वाटलं, संपलं सगळं.

"पातळ तर आहेच," मुझेयी म्हणाले. "आणखी काय जाणार?"

आणि हसले! तुझा बाप हसला, नामुबिरू! वरचे दोन दात नाहीत हे मला आजवर माहीत नव्हतं.

मग तिथेच, फाटकात उभं राहून तारीख सांगितली. डिसेंबर, ठरली होती तीच. वर एक अट. "रिवाज तुला माहीत आहे. क्वांजुलाला नवरा मुलगा बोलत नाही. त्याच्या वतीने त्याचा बोलणारा बोलतो. तू एक शब्द बोललास, एक, तर आल्या वाटेने परत जायचं. माझा बोलणारा तुला डिवचणार, मी त्याला सांगूनच ठेवणार आहे."

दिवसभर! मी! आई तर तेव्हापासून हसतेय.

तुझ्या केळींची सगळी फुलं मोडून आलोय. माझी मान दुखतेय आणि मला गाणं म्हणावंसं वाटतंय.

तुझा मुका मुगालुला

•

तुमच्या अंगणातून, डिसेंबर, ऊन चढलेलं

नामुबिरू,

तू त्या घरात आहेस, मी या मांडवात, मध्ये एवढंसं गवत, आणि मला बोलायची बंदी. पण लिहिण्याबद्दल मुझेयी काही म्हणाले नव्हते. कार्यक्रमाच्या कार्डाच्या मागे लिहितोय. अक्षर बारीक आहे, नाहीतर मावणार नाही.

मांडवाच्या दाराशी शेगडी मांडली आहे हे तुला माहीत आहे का? ज्याच्याकडे कोयता, चाकू, त्याने आधी जाळ दाखवायचा. माझ्या मामाने नखं कापायची कातरी दाखवली.

तुमचा बोलणारा आल्यापासून मला खातोय. आधी उशिराबद्दल दंड. मग, "तुमचा मुलगा आजारी आहे का? काही बोलत नाही. आमच्या कानावर तर असं होतं की तो दोन टेकड्यांपलीकडून ऐकू येतो!" सगळा मांडव हसला. मी कांझूच्या बाहीत नखं रोवली. माझा बोलणारा म्हणाला, "महाराज, तो शब्द साठवतोय, संसारात लागतील." शाबास! पुढच्या वेळी त्याला अननस देणार.

मग कूळ. कालिबालाचा मुलगा, मुग्वान्याचा नातू, देवक टोळ. तुमचा बोलणारा मान डोलावत होता आणि मला वाटलं, तू खिडकीआडून चुका जुळवत असशील.

तुझ्या बहिणींचा घोळका येऊन गेला, सगळ्या निळ्यात. तू त्यात नव्हतीस. माहीत होतं, तरी प्रत्येकीचा चेहरा बघितला.

आता आमच्या टोपल्या आत गेल्या. बायका गुडघे टेकून एकेक ठेवतायत. थांब. तुमचा बोलणारा पुन्हा उठला. म्हणतो, "साखर आली, मीठ आलं, गोमेसी आल्या. पण या मुलाची एक वस्तू या घराला चांगली माहीत आहे. ती कुठे आहे? की लाजून घरी ठेवली?"

माझा बोलणारा गोंधळला. त्याला मी सांगितलंच नव्हतं. बोलता येत नाही, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. मी बोट दाखवलं. शेवटच्या टोपलीकडे. बोट म्हणजे शब्द नव्हे!

मुझेयी स्वतः उठले. पानाची गुंडाळी सोडली. माझा कोयता. जाळावर धरून धरून काळा पडलेला, धार मात्र आईने लावलेली. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. दाराशी गेले, शेगडीवर पुन्हा धरला. मी शंभर वेळा भाजला होता, ओरडून सांगणार होतो. नाही सांगितलं.

मग तो घेऊन ते बागेत शिरले. स्वतः. माझ्या काठीने फुलं मोडलेल्या त्या केळींमध्ये. आणि पानं कापून आणली, एकालाही चीर नाही, आणि तुमच्या बायकांना दिली. काय म्हणाले ऐकू आलं तुला? "जेवण यात वाफवा. आणि आज सगळी पानं याच कोयत्याने कापायची."

माझ्या डोळ्यांत धूर गेला. शेगडी जवळ आहे.

सेंगा आली. तुमच्या घरातून निघालीय, हातात फूल, नवरा मुलगा शोधून त्याच्या छातीवर लावायचं ते, एकेका माणसाच्या तोंडाकडे बघतेय, जणू मला ओळखतच नाही. माझ्यापुढून एकदा निघूनही गेली, मुद्दाम. आई हसतेय. आता वळली. हे कार्ड मी तिच्या मुठीत देणार आहे, तुला देईल.

मी एक शब्द बोललो नाहीये, नामुबिरू. दिवसभर. सगळे तुझ्यासाठी ठेवलेत. ती आली